राजमाची, अर्ध्या वाटेवरून

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण हात धजत नव्हता. प्रवासवर्णन म्हणून वाचायला घ्याल तर निराश व्हाल, हे आधीच सांगते. जिथे जायला निघालो होतो तिथे आम्ही पोचलोच नाही.

गोष्ट २०२४ च्या ऑगस्टातली. श्रावण नुकताच लागला होता. पहिला सोमवार झाला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन मंगळागौरीच्या दिवशी, पहाटे साडेचारला मी पाठीवर पिशवी अडकवून दाराशी उभी. सूनबाई म्हणाली, "आई, आज लोकांच्या सासवा फुगड्या घालतात आणि तुम्ही डोंगरात निघालात?" मी म्हटलं, "फुगडीत गुडघे जातात, डोंगरात नुसते दुखतात." ती हसली. मुलगा मात्र हसला नाही. लोणावळ्याकडे आधीचे दोन-तीन दिवस कोसळलेला पाऊस त्याने टीव्हीवर पाहिला होता. "आई, तुझं वय त्र्याहत्तर आहे," एवढंच म्हणाला. वय मलाही माहीत होतं. पण काही कामं अशी असतात की ती वयाकडे बघून पुढे ढकलली तर राहूनच जातात.

माझ्याबरोबर कोण होतं ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी. शाळेत सगळी पोरं त्याला 'काडी' म्हणायची, इतका किडकिडीत होता. आता चांगला चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला गृहस्थ आहे. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. लालबागची खोली पुढे विकावी लागली आणि हे कुटुंब बदलापूरला गेलं, जशी आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं कल्याणच्या पलीकडे गेली. काडी वायरमनचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन डोंगर हिंडतो. सह्याद्रीतल्या पाऊलवाटा त्याला तळहातासारख्या ठाऊक. दरवर्षी गुरुपौर्णिमेला त्याचा फोन येतो. त्या वर्षी फोनवर मीच म्हटलं, "अरे, मला एकदा पावसाळ्यात राजमाचीला ने." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "बाई, नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

त्या शांततेचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. निदान मी तरी चाळीस वर्षं असंच समजत होते.

आता थोडं मागे जायला हवं.

मी मूळची गिरगावातली. चाळीत वाढलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. माझा मोठा भाऊ हायकिंगवाल्या मित्रांबरोबर दर शनिवारी रात्री कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर पळायचा. त्याच्यामागून मीही दोन-चार वेळा गेले आणि नाद लागला. शिवाय गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' वाचली होती. मुंबई मागे टाकून राजमाचीवर परतलेल्या त्या म्हाताऱ्याने मला भारून टाकलं होतं. लग्न होऊन लालबागला आले, परळच्या एका शाळेत नोकरी लागली. मराठी आणि भूगोल शिकवत असे. शाळेचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात शाळेचा काही दोष नाही, सगळा माझा आहे.

१९८४ सालचा पावसाळा. संप सुरू होऊन अडीच वर्षं झाली होती. तो मिटल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं, पण तो संपल्याचं घराघरात कळत होतं. वर्गातली अर्धी पोरं गिरणी कामगारांची. फीचं सोडा, काहींच्या डब्यात नुसता पाव असायचा. महाबळेश्वर वगैरे सहलीचं नाव काढायची सोय नव्हती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, रेल्वेच्या तिकिटाएवढ्या खर्चात मी मुलांना राजमाची दाखवते. भाकरी ज्याची त्याने बांधून आणायची. ते हो म्हणाले. आठवी-नववीची बत्तीस मुलं, मी आणि चित्रकलेचे एक तरुण सर. माझं वय तेहतीस.

सकाळी काय मजा आली होती! कर्जतला गाडीला मागून ढकलायला इंजिनं लागली तेव्हा सगळी पोरं खिडक्यांना लोंबकळली. मी त्यांना सांगितलं, हा बोरघाट, इथला चढ सदतीस फुटांत एक फूट, आणि ही रेल्वे १८६३ सालची. लोणावळ्याला उतरून तुंगार्लीच्या धरणावरून आम्ही जंगलात शिरलो. लोणावळ्यापासून राजमाचीचं गाव, म्हणजे उधेवाडी, पंधरा-सोळा किलोमीटर. वाट बरीचशी सपाट, अधूनमधून चढउतार, पण लांबच लांब. उजव्या-डाव्या हाताला कारवीचं रान, वाटेत ओढेच ओढे. एका ठिकाणी ढग असा अंगावर आला की पुढचा मुलगा मागच्याला दिसेना. मी भूगोलाची बाई! तिथेच थांबवून विचारलं, "प्रतिरोध पर्जन्य म्हणजे काय, सांगा?" पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. समुद्रावरून आलेलं बाष्पाचं वारं डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं. मी म्हटलं, "आता तुम्ही त्या उत्तराच्या आत उभे आहात." पोरांनी जिभा बाहेर काढून ढग चाखला. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला तास असेल.

गावात पोचलो, भैरवनाथाच्या देवळाशी डबे सोडले. एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले ढगात. धुकं जरा हललं की तटाचा एखादा तुकडा दिसायचा आणि पोरं ओरडायची. खाली उल्हास नदीचं खोरं असतं म्हणे, असं मी सांगत होते, आणि दिसत होता नुसता पांढरा कापूस.

परत निघायला उशीर झाला. पाऊस वाढला होता. सकाळी ज्या ओढ्यात मुलांनी घोटाभर पाण्यात दंगा केला होता, तो ओढा दुपारी तांबडा होऊन धावत होता. गुडघ्याच्या वर पाणी. सर म्हणाले, "थांबूया का जरा?" मी घड्याळ पाहिलं. संध्याकाळची गाडी चुकली तर बत्तीस मुलांना घेऊन रात्र लोणावळा स्टेशनवर काढावी लागणार. चाळीत टेलिफोन नाहीत. आईबाप रात्रभर शाळेच्या दाराशी उभे राहणार. मुख्याध्यापक काय म्हणतील? पुन्हा कधी परवानगी देतील का? हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी म्हटलं, "हात धरा. साखळी करा. चला."

मंडळी, साखळीने बळ येतं असं आपण भाषणात म्हणतो. वाहत्या पाण्यात साखळी म्हणजे एक पडला की बाजूचे दोन ओढले जातात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मधोमध काडीचा पाय शेवाळावरून सटकला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुलांचे हात सुटले. ते सुटले म्हणून बरं, नाहीतर तिघेही गेले असते. काडी पाण्याखाली गेला. डोकं दिसलं, परत गेलं. पंधरा-वीस फुटांवर ओढा एका मोठ्या दगडाला वळसा घालतो, तिथे तो अडकला. मी जागची हलू शकले नाही. ओरडलेसुद्धा नाही. पलीकडच्या काठाने उधेवाडीचा एक माणूस गुरं घेऊन येत होता, डोक्यावर इरलं. त्याने हातातली काठी काडीकडे केली आणि त्याला मुंडकं धरून ओढून बाहेर काढलं. सगळा प्रकार दोन मिनिटांचाही नसेल.

तो माणूस माझ्यावर ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "बाई, जरा दम धरायचा व्हता. वढ्याचं पानी काय वस्तीला येतं व्हय? येतं आन जातं." मग उरलेल्या पोरांना त्याने तासभर तिथेच बसवून ठेवलं. आणि खरोखर, तासाभरात पाऊस ओसरला, पाणी उतरलं, आणि तीच पोरं घोटाभर पाण्यातून हसत हसत आली.

काडीचं कपाळ फुटलं होतं, अंग थडथडत होतं. माझ्या पिशवीत बदलायला आणलेली कोरडी साडी होती, ती त्याला गुंडाळली. आमची गाडी शेवटी चुकलीच. मिळेल त्या गाडीने रात्री उशिरा दादरला उतरलो. पण त्याआधी लोणावळ्याच्या फलाटावर मी सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि म्हटलं, "झालं ते झालं. घरी कुणी काही सांगायचं नाही. काडी वाटेत घसरून पडला, एवढंच सांगायचं." बत्तीस मुलांनी माना डोलावल्या. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

ओढा ओलांडला ही माझी चूक होती. पण खरं पाप हे फलाटावरचं. ज्या पोरांना मी 'नेहमी खरे बोलावे' चे निबंध लिहायला देत होते, त्यांना स्वतः खोटं बोलायला शिकवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत काडीची आई शाळेत आली. माझ्या पोटात गोळा. तिने वर्तमानपत्रात बांधलेली माझी साडी पुढे केली. धुऊन, घडी करून. चिखलाचा डाग कुठे राहिला नव्हता. म्हणाली, "बाई, पोरगा लय खूश हाय. पुढल्या साली बी न्या त्याला." मी म्हटलं, "बघू." ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि गेली.

पुढल्या वर्षी सहल राणीच्या बागेत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तारापोरवाला मत्स्यालयात. मुलांनी राजमाचीचं नाव काढलं की मी म्हणायची, "पावसाळ्यात परवानगी मिळत नाही." कुणी कधी नाही म्हटलंच नव्हतं. २००९ ला निवृत्त होईपर्यंत मी एकाही मुलाला डोंगरावर नेलं नाही. घरात ह्यांनाही कधी बोलले नाही. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांना न सांगितलेली बहुधा ही एकच गोष्ट.

तर अशा सगळ्या ओझ्यासकट मी त्या मंगळवारी दादरला इंद्रायणीत बसले. ओझं म्हणजे थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा, आणि हे.

लोणावळ्याला उतरलो तेव्हा पाऊस नव्हता. आभाळ मात्र इतकं खाली आलेलं की स्टेशनासमोरच्या इमारतींचे वरचे मजले दिसेनात. काडीने आदल्या रात्री उधेवाडीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून वाटेची चौकशी केली होती. महिनाभरापूर्वीच, ३० जूनला, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली होती. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं तुम्हीही टीव्हीवर पाहिली असतील. मी ते दृश्य पुरतं पाहू शकले नव्हते, उठून स्वयंपाकघरात गेले होते. सूनबाईला वाटलं, आईंना बरं वाटत नाही.

काडीने निघतानाच सांगितलं, "बाई, एक बोली. वाटेत मी म्हणेन तिथून मागे फिरायचं. वाद नाही." मी 'हो' म्हटलं. आयुष्यभर मुलांना सूचना दिल्या, त्यामुळे सूचना ऐकायला जरा जड गेलं, पण म्हटलं.

तुंगार्लीचा चढ मी तीनदा बसून चढले. मग मात्र पाय सुटले. वाट आता पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, कोरड्या दिवसांत गाड्याही जातात. पावसात तिचा नुसता चिखल होतो. चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साठलेलं, त्यात बेडकांची अंडी. दोन्हीकडे तेरडा गुलाबी फुलायला लागला होता. खेकडे वाटेवरून आडवे धावत होते. आणि आवाज! ढगामुळे दिसत काहीच नाही, पण चारी बाजूंनी पाणी कोसळल्याचा आवाज. कुठला धबधबा जवळ, कुठला लांब, काही कळत नाही. मधूनच शीळकरी कस्तुराची शीळ. एखादा आळशी मुलगा शाळेत जाताना शीळ घालत रेंगाळतो तशी, धड गाणं नाही आणि धड बेसूर नाही. आम्ही दोघं बोलत नव्हतो. दोन तास चाललो, थालीपीठ खाल्लं, परत चाललो. काडी माझ्या पुढे न जाता कायम अर्धं पाऊल मागे, ओढ्याच्या अंगाला. पहिले तीन-चार ओढे लहान होते, काठीच्या आधाराने पार केले.

निघून चार तास होऊन गेले होते. उधेवाडी आणखी तासा-दीड तासावर असेल. आणि तो आला.

हाच तो १९८४ चा ओढा का, हे आम्हा दोघांनाही खात्रीने सांगता येईना. ढगात पलीकडचा काठ पुसट दिसत होता. पाणी तांबडं. काडीने काठी रोवली तर काठी हातात थरथरायला लागली. मग तो म्हणाला, "बाई, कान द्या." पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, गडगड गडगड, दूरवर मालगाडी चालल्यासारखा. "तळातले दगड चाललेत," तो म्हणाला. "दगड चालतात तिथे माणसाचा पाय काय टिकणार? गुडघाभर असलं तरी वाहतं पाणी माणसाला आडवं करतं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? इतकं चालून आले होते, आता फक्त तासाभराचा प्रश्न. मी म्हटलं, "थांबू. पाणी काय वस्तीला येतं का? येतं आणि जातं." काडीने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "बरोबर. थांबू." त्याने एक मूठभर दगड उचलून पाण्याच्या अगदी कडेला ठेवला. "हा आपला शिपाई. हा उघडा पडत गेला की पाणी उतरतंय. बुडला तर चढतंय."

आम्ही जरा उंचावर एका कातळाच्या आडोशाला बसलो. थर्मासमधला चहा काढला. पाऊस नाही, वारा नाही, नुसता ढग. चष्म्यावर, केसांवर, चहाच्या कपावर सगळीकडे बारीक थेंब. तास काढायचा होता. चाळीस वर्षांपूर्वी जो तास मी काढायला तयार नव्हते, तो आता समोर होता. त्या तासात बोलणार नाही तर कधी?

मी म्हटलं, "अरे, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं ना, घरी सांगू नका म्हणून. ते माझं चुकलं. तुझ्या आईची माफी मागायची राहिली. आता त्या नाहीत."

काडी चहा पीत राहिला. मग म्हणाला, "बाई, आईला माहीत होतं."

"काय?"

"मी त्याच रात्री सांगितलं तिला. कपाळ बघून तिनं विचारलं, आणि मला रडूच आलं. सगळं सांगितलं. पाणी, साखळी, तो काठीवाला बाबा, तुमची साडी. तुम्ही सांगू नका म्हणालात तेही."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी विचारलं, "मग त्या काही बोलल्या का नाहीत मला? साडी द्यायला आल्या होत्या."

"ती म्हणाली, बाईंना कळू देऊ नको मला कळलंय ते. त्यांच्या जिवाला लागेल. आणि मुख्य म्हणजे मग त्या कुठल्याच पोरांना कुठे नेणार नाहीत. घरात बाबा दिवसभर बसून असायचे तेव्हा. माणसं चिडचिडी झाली होती चाळीत. आई म्हणायची, एक दिवस तरी पोरं मोकळं हसून आली." तो थांबला. काठीने चिखलात रेघ ओढली. "पण बाई, तुम्ही पुढे कुठे नेलंत?"

त्याने हे रागाने विचारलं नाही, आणि म्हणूनच ते अजून टोचतं. समोर ओढा धावत होता आणि मी हिशेब करत होते. १९८४ ते २००९. पंचवीस वर्षांच्या आठवी-नववीच्या तुकड्या. त्यातल्या किती मुलांनी ढग चाखला नाही? पुस्तकातल्या उत्तराच्या आत एकदा उभं राहायचं, तेही राहून गेलं. त्या बाईने माझी चूक पोटात घातली ती मी पुन्हा मुलांना न्यावं म्हणून. आणि मी तीच चूक लपवली आणि नेणं बंद केलं. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. ती पोरांसाठी, मी माझ्या इभ्रतीसाठी.

सोमवारी तिने साडी पुढे केली तेव्हा मी नुसतं एवढं म्हटलं असतं, "ताई, तुमचा मुलगा माझ्यामुळे मरता मरता वाचला," तर काय झालं असतं? ती कदाचित चार शब्द बोलली असती. मुख्याध्यापकांनी कानउघाडणी केली असती. सहल एखादं वर्ष बंद झाली असती. मग पुन्हा गेलो असतो, बरोबर दोर घेऊन, गावातला एक माणूस घेऊन, आणि मुख्य म्हणजे शेवटची गाडी चुकली तर चुकू दे असं आधीच पालकांना सांगून. चूक बोलून टाकली असती तर तिच्यातून काही शिकता आलं असतं. लपवल्यामुळे तिची नुसती भीती उरली, आणि त्या भीतीला मी पंचवीस वर्षं शिस्त म्हणत राहिले.

हे सगळं मी काडीला बोलून दाखवलं नाही. नुसतं म्हटलं, "तुझी आई माझ्यापेक्षा मोठी शिक्षिका होती." तो म्हणाला, "चौथी पास होती, बाई." आणि दोघंही हसलो. माझे डोळे ओले होते, पण त्या ढगात कुणाचं काय ओलं आहे हे कळायला मार्ग नव्हता.

पाऊण तासाने काडी उठून शिपाई बघायला गेला. शिपाई बुडाला होता. नुसता बुडाला नव्हता, दिसतच नव्हता. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नाही आणि पाणी चढतंय! मी भूगोलाची बाई असूनही गोंधळले. काडीने समजावलं. वरच्या अंगाला, जिथे ढगामुळे आपल्याला काही दिसत नाही, तिथे पाऊस चालू असणार. हा सगळा काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, तो आधीच दोन-तीन दिवसांच्या पावसाने तुडुंब झालेला. आता वर पडेल ते सगळं थेट ओढ्यात. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून ओढ्याचा अंदाज बांधायचा नसतो. आयुष्यभर मी बेसॉल्टचा धडा शिकवला, पण ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्याने मला शिकवली.

"बाई, मागे फिरायचं," तो म्हणाला. बोली ठरलेली होती. वाद नाही. मी उठले.

परतीची वाट फार लांब वाटली. गुडघ्यांनी तक्रार सुरू केली होती. सकाळी पार केलेला एक ओढा फुगला होता, तिथेही अर्धा तास बसलो. तो मात्र उतरला. संध्याकाळी लोणावळ्यात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. एकूण वीस-बावीस किलोमीटर चाललो असू. पाहिलं काय? श्रीवर्धन नाही, मनरंजन नाही, उदयसागर तलाव नाही, भैरवनाथ नाही. नुसता ढग. पण फलाटावर बसले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. तोच फलाट. त्या वेळी बत्तीस मुलांना गोल बसवलं ती जागा साधारण कुठे असेल, ते मी बघत होते.

घरी आल्यावर मुलाला आणि सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. नववीतली नात दाराआडून ऐकत होती. तिला म्हटलं, आत ये, तुलाही ऐकायचं आहे. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तू सहलीवरून येऊन रात्री माझ्या अंथरुणाशी बसून होतीस, मला आठवतंय. मला वाटायचं, स्वप्न होतं." बघा, म्हणजे मुलं काही विसरत नाहीत. आपणच समजतो.

थंडी पडल्यावर, डिसेंबरात, आम्ही परत गेलो. या वेळी नातही होती, आणि काडीची दोन मुलं. लख्ख ऊन. लांबूनच दोन्ही किल्ले शेजारी शेजारी उभे दिसले. वाटेत काडी एका ठिकाणी थांबला आणि म्हणाला, "बाई, हा बघा." ओढा ठणठणीत कोरडा. वळसा घालायचा तो मोठा दगड जागेवर होता, म्हणजे हाच तो. रुंदी किती असेल? मी चालून बघितलं. माझ्या या वयाच्या पावलांनी अकरा पावलं.

नात म्हणाली, "आजी, एवढासाच?"

मी म्हटलं, "हो. एवढासाच."

मग तिला मधोमध उभं केलं आणि शेवाळ कुठे असतं, पाणी कुठून येतं, कडेला शिपाई कसा ठेवायचा, सगळं दाखवलं. ऑगस्टात आपण परत येऊ, म्हणाले, पण ओढ्यापाशी थांबायची तयारी ठेवून. ती म्हणाली, "आणि पाणी उतरलंच नाही तर?"

"तर घरी येऊन खरं सांगायचं, की नाही पोचलो."

गुडघे पुढे चार दिवस दुखले. असो.